'चीकी' या एका शब्दावर पारखलेली डिक्शनरी : ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, दहावी आवृत्ती

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण आधी सांगतो की गोव्यात हॉटेल, शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा खानावळ), रिसॉर्ट, टॅक्सी, गाईड यातलं काहीही काम करणारं पोरगं किंवा पोरगी घरात असेल तर ही डिक्शनरी घ्याच, आणि एवढे पैसे आत्ता नसतील तर याच डिक्शनरीची वेबसाईट फुकट आहे, ती त्यांच्या मोबाईलमध्ये आजच्या आज सेव्ह करून द्या.

डिक्शनरीचे रिव्ह्यू मी बरेच वाचले घेण्याआधी. बहुतेक जण पानं किती, शब्द किती, कागद कसा, डिलिव्हरी वेळेत आली का एवढंच लिहितात. त्यावरून काही कळत नाही हो. टेबल, खुर्ची, इंजेक्शन असले शब्द कुठल्याही डिक्शनरीत बरोबरच असणार. पारखायचं असेल तर असा शब्द काढून बघायचा ज्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर ठरतो, जो एकाच तोंडून सकाळी कौतुक असतो आणि संध्याकाळी दम असतो. माझा असा शब्द म्हणजे चीकी (cheeky). इंग्रज पर्यटक हा शब्द इतका सहज वापरतात की कांदोळी, कळंगुट, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात एक सीझन काम केलेल्या माणसाच्या कानावर तो पडलाच पाहिजे.

मी पेडण्यात संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, आणि २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली तेव्हापासून हॉटेल लाइनला जायचं म्हणून येणारी जास्त. या मुलांना ग्रामर येत नाही असं नाही, ग्रामर येतं, पण समोरचा हसून बोलला तो नेमका काय बोलला तिथे ती अडकतात. माझा भाचा एका शॅकवर वेटर आहे. तिथे एक वयस्कर इंग्रज जोडपं रोज जेवायला यायचं. म्हाताऱ्यांनी एकदा इसवणाची (सुरमईची) दुसरी प्लेट मागवली तर हा हसत म्हणाला, सर, डॉक्टरला विचारलंय का? बाई एवढ्या हसल्या की बाजूच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, आणि मग रोज तेच चालू झालं, म्हातारबाबा मुद्दाम याला चिडवणार आणि हा उलट उत्तर देणार. जाताना त्यांनी ऑनलाइन रिव्ह्यू टाकला, त्यात याला चीकी यंग वेटर म्हटलं आणि घरच्या माणसासारखी काळजी घेतली असंही लिहिलं. मॅनेजरने फोनवरच्या एका भाषांतर करणाऱ्या ॲपमध्ये ते टाकलं, पहिल्याच ओळीत शब्द आला उद्धट, आणि त्याने पुढचं वाचलंच नाही. पोरगा रात्री माझ्याकडे आला, रडवेला झालेला, मामा, कितें चुकलें म्हजें, एवढंच विचारत होता.

ही डिक्शनरी माझ्याकडे होतीच. चीकी काढून दाखवला. तिथे सोप्या शब्दांत लिहिलंय की हे उद्धटपण आहे खरं, पण गंमत वाटेल असं किंवा वैताग येईल असं, दोन्ही. म्हणजे निर्णय संदर्भावर सोडलाय, आणि हेच बरोबर आहे. शब्दाच्या बाजूला दोन लेबलं आहेत, एक ब्रिटिश आणि एक इन्फॉर्मल. ही बारकी लेबलं बहुतेक लोक वाचतच नाहीत पण माझ्या मते अर्थाएवढीच किंमत त्यांची आहे, कारण त्यातून कळतं की हा शब्द इंग्लंडची माणसं वापरतात आणि घरगुती बोलण्यात वापरतात. तक्रार करायची असती तर असा घरगुती शब्द कशाला वापरतील? सरळ रूड लिहिलं असतं. दुसऱ्या दिवशी भाच्याने तेच पान मॅनेजरला दाखवलं आणि विषय मिटला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याच्या हातात चुकीचं साधन होतं.

पण या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग चीकीच्या पानावर नाहीच, तो रूडच्या पानावर आहे. तिथे एक चौकट आहे, जवळच्या अर्थाच्या शब्दांची. रूड, चीकी, इन्सोलंट, डिसरिस्पेक्टफुल, इम्पोलाईट, इम्पर्टिनंट, डिसकर्टिअस, सगळे एका जागी, आणि प्रत्येकात फरक काय ते एकेका ओळीत. इन्सोलंट म्हणजे फारच उद्धट, तेही वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाशी. इम्पर्टिनंटमध्येही मोठ्यांचा मान न ठेवणं आहे. हे दोन्ही जरा पुस्तकी, आणि डिसकर्टिअस तर पूर्णच फॉर्मल, ऑफिसच्या पत्रात शोभणारा. या सगळ्या रांगेत हसू असलेला शब्द एकच, चीकी. ही चौकट मी क्लासमध्ये फळ्यावर उतरवून घेतो आणि मुलांना विचारतो की तुमच्याबद्दल गेस्टने यातला कुठला शब्द लिहिला तर घाबरायचं आणि कुठला लिहिला तर टिप जास्त मिळणार. ज्या मुलांना एरवी डिक्शनरी उघडायचा कंटाळा येतो ती यावर अर्धा तास वाद घालतात.

यात गोम एक आहे आणि ती मुलांना आवर्जून सांगावी लागते. चीकी या विशेषणात माया असू शकते, पण चीक या नामात ती बहुधा नसते. म्हणजे कोणी म्हणालं, ही हॅड द चीक टू आस्क मी फॉर मोर मनी, तर ते कौतुक नाही, याची हिंमतच कशी झाली असं ते बोलणं आहे. व्हॉट अ चीक म्हणजेही वैताग. लेस ऑफ युअर चीक म्हणजे तर सरळ, पुरे आता तोंड आवर. एकाच घरातले शब्द पण स्वभाव वेगळा. त्यामुळे माझा सल्ला असा की नुसता चीकी बघून पुस्तक मिटू नका, वरचं चीकचं टिपणही वाचा, पोरं नेमकी तिथेच चुकतात.

आता उच्चार. चीकीमधला पहिला ई लांब आहे. आपली पोरं ती खायची चिक्की म्हणतात तसं म्हणून जातात, ते एकवेळ चालेल, समजून घेतात लोक, पण नुसता चीक म्हणताना ऱ्हस्व करून चिक म्हटलंत तर तो दुसराच शब्द होतो, तो तरुण बायकांबद्दल हलक्या सुरात वापरतात आणि पाहुण्या बाईसमोर तो तोंडातून जाता कामा नये. डिक्शनरीत उच्चाराच्या खुणा आहेत पण त्या खुणा वाचायला शिकावं लागतं. वेबसाईटवर आणि ॲपवर स्पीकरचं चित्र दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज ऐकू येतात. हे दहा वेळा ऐका, मागोमाग म्हणा, पुस्तकापेक्षा इथे फोन भारी पडतो हे मी मान्य करतो.

मराठीत याला काय म्हणायचं यावर आमच्या क्लासमध्ये नेहमी रंगतं. उद्धट, उर्मट हे बाद, त्यात हसू नाही. आगाऊ जवळ येतो, आणि मला तोच सगळ्यात आवडतो, कारण बघा, आगाऊ रक्कम म्हणजे वेळेआधी दिलेली रक्कम आणि आगाऊ पोरगं म्हणजे आपला नंबर यायच्या आधी, वयाच्या आधी पुढे होऊन बोलणारं पोरगं. इंग्लिशमध्ये फॉरवर्ड शब्दाचं अगदी हेच झालंय, पुढे म्हणजे फॉरवर्ड आणि जास्त पुढे पुढे करणारा तोही फॉरवर्ड. पण आगाऊमध्ये रागाची बाजू जरा जड आहे. खट्याळ, खोडकर यात माया आहे पण ते वागण्याला जास्त लागतात, बोलण्याला कमी. मिश्कील फार गोड शब्द आहे, डोळ्यात आणि हसण्यात दिसतो, पण त्यात मर्यादा ओलांडलेली नसते आणि चीकीमध्ये ती इंचभर ओलांडलेली असावी लागते, नाहीतर मजाच नाही. वात्रट बऱ्यापैकी बसतो, वात्रटिका म्हणतो तेव्हा त्यात टोचणं आणि हसणं दोन्ही असतं. चावट मात्र सांभाळून, तो दुसऱ्याच वाटेला जातो. मी मुलांना सांगतो एक शब्द पाठ करू नका. आजी नातवाला कौतुकाने आगाऊ मेला म्हणते तो आवाज आठवा, तोच चीकी मंकीचा आवाज आहे, आणि इंग्लंडमध्ये पोरांना चीकी मंकी म्हणतात ते तस्संच.

पेडण्याच्या बाजूच्यांना तर हे समजावायला एकच नाव पुरतं, संकासूर. दशावतारात तो काळ्या कपड्यातला संकासूर येतो, वेद पळवणारा राक्षस तो, शेवटी विष्णूच्या हातून मरायचाच आहे, पण तोपर्यंत आपल्या बोलीत कोणाची म्हणून टर उडवायची ठेवत नाही, समोर बसलेल्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराचीसुद्धा, आणि भाटकार हसतो. देवळाच्या प्रांगणात, त्या रात्री, त्या वेशात ते चालतं हे सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात तेच शब्द कोणी बोललं तर भांडण होईल. चीकीलाही अशी मोकळीक आधी मिळालेली असावी लागते. माझ्या भाच्याला ती म्हाताऱ्यांनी आणि त्यांच्या बायकोने हसून दिली होती. पहिल्याच दिवशी, अनोळखी टेबलावर, दुसऱ्या प्लेटवरून डॉक्टर काढला असता तर रिव्ह्यूत वेगळा शब्द आला असता, आणि तो रास्तच असता.

शब्द आला कुठून हे या डिक्शनरीत त्रोटक आहे, पण मला त्याची आवड आहे म्हणून सांगतो. चीक म्हणजे गाल हे सगळ्यांना माहीत. जुन्या इंग्लिशमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जबडा असाही होता. निलाजऱ्या, तोंडाळ बोलण्याला चीक म्हणायला लागले ते १९व्या शतकाच्या मध्याकडे, साधारण १८४० च्या आगेमागे, आणि चीकी हे विशेषण त्याच काळातलं. इंग्लिशमध्ये उलट बोलण्याला चेहऱ्याचे बरेच भाग कामाला लावलेत, जबड्याला जॉ म्हणतात त्याचाही अर्थ उद्धट बडबड असा होता, ओठावरून डोंट गिव्ह मी एनी लिप आहे. आपण तोंड आणि जिभेवर भागवतो, तोंड वर करून बोलतो, तोंडाळ आहे, जिभेला हाड नाही. गाल आपल्याकडे भांडणात येत नाही, तो हसण्यात येतो, गालातल्या गालात हसणं. तिकडे टंग इन चीक म्हणजे वरून गंभीर पण आतून गंमत, म्हणजे तिथे आपला गाल आणि त्यांचा गाल एकत्र आलेत असं म्हणायला हरकत नाही. इम्प्युडंट हा जुना भारी शब्द बघितला तर त्याच्या लॅटिन मुळात लाज आहे आणि तिच्या आधी नकार आहे, म्हणजे बांधणी हुबेहूब आपल्या निर्लज्जसारखी. हे कळल्यावर तो शब्द मुलं परत विसरत नाहीत.

अमेरिकन पाहुण्यांकडून चीकी फारसा ऐकायला मिळणार नाही. ते सॅसी म्हणतील, आणि तो सॉसीचाच अमेरिकेत फिरलेला उच्चार, सॉसी आला सॉसवरून, आणि सॉस हा मुळात मीठ लावलेल्यावरून. म्हणजे बोलण्यात मीठमसाला. फ्रेश हा पण तिकडे उद्धट या अर्थी चालतो, डोंट गेट फ्रेश विथ मी असं आईबाप पोरांना म्हणतात, तेव्हा ताजा मासा डोक्यात आणू नये. पण यातला सॉसी शब्द वेटर मुलांनी वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये त्याला चावटपणाची छटा आली आहे, तिथल्या समुद्रकिनाऱ्यांवर विकली जाणारी सॉसी पोस्टकार्डं प्रसिद्ध होती ती अशाच चित्रांची. बाई पाहुणीला कौतुकाने सॉसी म्हणायला जाल आणि नोकरी जाईल. नॉटीचंही तसंच. आपल्याकडे इंग्लिश बोलताना लहान पोरांना नॉटी म्हणतो ते ठीक, मोठ्या माणसाला म्हटलं की अर्थ सरकतो. ऐकून समजा, वापरायची घाई नको. हे चीकीलाही लागू आहे, पाहुणा तुम्हाला चीकी म्हणेल, तुम्ही पाहुण्याला म्हणू नका. मोठा लहानाला म्हणतो, बरोबरीचे एकमेकांना म्हणतात, नोकराने गिऱ्हाइकाला म्हणणं हा वेगळा प्रकार होतो.

पुस्तकाबाहेर जाऊन कान उघडे ठेवावे लागतील अशी एक जागा आहे. इंग्रज माणूस दुपारी बारा वाजता शॅकवर येऊन म्हणतो, लेट्स हॅव अ चीकी बिअर. आता बिअर काय उद्धट असते का, माझ्या एका विद्यार्थिनीने अगदी मनापासून विचारलं होतं. इथे चीकी म्हणजे खरं तर आत्ता घ्यायला नको होती, जेवण व्हायचंय, पण घेऊया एक गुपचूप, अशी लहानशी चोरी. चीकी पिंट तिकडे रोजच्या बोलण्यात आहे, आणि २०१५ च्या सुमाराला तर नँडोज या चिकनवाल्या हॉटेलचं नाव जोडून चीकी नँडोज इंटरनेटवर एवढं गाजलं की अमेरिकन लोक हैराण, हा चीकी म्हणजे नेमकं काय, आणि इंग्रजांना काही केल्या समजावून सांगता येईना. असं वाक्य ऐकलं की वेटरने फक्त हसून बिअर आणायची.

दुसरी जागा म्हणजे खेळ. गोव्यात फुटबॉल बघत मोठी झालेली पोरं इंग्लिश कॉमेंटरी पाठ म्हणतात, तिथे चीकी सारखा येतो, टाचेने मागच्या मागे दिलेला पास चीकी, गोलकीपरच्या डोक्यावरून हळूच उचललेला बॉल चीकी. मी पनेन्काचं उदाहरण देतो. १९७६ ची युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल, बेलग्रेड, चेकोस्लोव्हाकिया विरुद्ध पश्चिम जर्मनी, २-२ झाल्यावर पेनल्टी. जर्मनीच्या उली होनेसने बॉल बारवरून मारला, म्हणजे आता ही आत गेली की कप आपला, आणि एवढ्या दडपणात अंतोनिन पनेन्का जोरात पळत आला, गोलकीपर सेप मायर डावीकडे झेपावला, आणि याने बॉल हळूच खालून उचलून मधोमध सोडला, चेकोस्लोव्हाकिया ५-३ ने जिंकलं. त्या पेनल्टीला आजही पनेन्काच म्हणतात. यात कोणाला शिवी नाही, वाईट बोलणं नाही, पण जगातल्या मोठ्या गोलकीपरला सगळ्यांसमोर हे असं करायचं म्हणजे आगाऊपणाच, आणि बघणाऱ्याला हसू येणारच. क्रिकेटवाल्यांना चीकी सिंगल माहीत आहे, फील्डरच्या नाकासमोरून चोरलेली रन. क्लासमध्ये हे सांगितलं की सगळ्यात मागच्या बाकावरच्याचाही चेहरा उजळतो. त्याला हा शब्द आधीपासून येत होता, फक्त येतो हे माहीत नव्हतं.

आणि सगळीकडे गोड नाही हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आदिवासी लोकांच्या इंग्लिशमध्ये आणि क्रिओलमध्ये चीकी म्हणजे धोकादायक. चीकी कुत्रा म्हणजे चावणारा, चीकी साप म्हणजे विषारी, चीकी याम नावाचा कंद आहे तो नीट न शिजवता खाल्ला तर बाधतो. तिथे कोणी चीकी म्हणून ओरडलं तर हसत उभं राहायचं नाही, मागे व्हायचं.

आता अर्धा स्टार. ही डिक्शनरी इंग्लिशमधून इंग्लिश आहे, मराठी अर्थ एकही नाही. ती मराठीसाठी बनवलेलीच नाही त्यामुळे हा दोष म्हणणं बरोबर नाही, पण मी रिव्ह्यू मराठी वाचणाऱ्यांसाठी लिहितोय म्हणून कापला. सुरुवातीला मुलांना जड जातं. फायदा एवढाच की अर्थ सांगायला त्यांनी ठरावीक सोपे शब्दच वापरलेत, साधारण ३००० शब्दांची त्यांची यादी आहे, तेवढे शब्द जमले की बाकी डिक्शनरी उघडते. आणि हे असं का आहे त्याला कारण आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज शिक्षक जपानमध्ये १९२४ पासून इंग्लिश शिकवत होता, त्याने गेटनबी आणि वेकफिल्ड या दोन सोबत्यांबरोबर जपानी विद्यार्थ्यांसाठी ही बनवली, ती १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढली. म्हणजे हे पुस्तक मुळात ज्यांच्या घरात इंग्लिश नाही अशांसाठी, वर्गात शिकवता शिकवता तयार झालेलं आहे. पोरं कुठे अडखळतात हे बघितलेल्या माणसाचा हात त्यात जाणवतो, निदान मला तरी जाणवतो, मीही तेच काम करतो.

मराठीची बाजू भरून काढायला मी शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या साईटवर जातो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश तिथे आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझ्यांचा आहे, मॅक्सीन बर्नसन बाईंचा आहे, सगळं फुकट आणि मराठीत टाईप करून शोधता येतं. आगाऊ, वात्रट, खट्याळ हे तिथे शोधायचे, मग इकडे चीकीचं पान उघडायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं. वेळ लागतो पण शब्द मुरतो. भाषांतराच्या ॲपला मी नावं ठेवणार नाही, रस्ता विचारायला, बिल समजायला उत्तम, पण माणसाबद्दलचं मत त्यावरून ठरवू नये, विशेषतः मॅनेजर मंडळींनी.

घेण्याआधी हाताळून बघायची असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा लायब्ररी आहेच, १८३२ मध्ये सुरू झालेली. तिथे बसून मोठमोठे कोश शांतपणे चाळता येतात, मुलांना एकदा तरी घेऊन जा, फोनवर एक शब्द शोधला की एकच दिसतो, जाड कोशाचं पान उघडलं की आजूबाजूचे दहा दिसतात. चीकीच्या पानावर वर खाली चीअर, चीअरफुल, चीज असले शब्द पाहुण्यांशी बोलताना रोज लागणारे आहेत, ते आपसूक वाचले जातात.

विकत घेताना एवढं बघा. दहावी आवृत्ती २०२० ची. नुसतं पुस्तक आणि ॲपच्या कोडसकट पुस्तक अशा दोन्ही प्रती बाजारात दिसतात, दुकानदाराला विचारून घ्या, आणि कोडवाली घेत असाल तर कोड किती काळ चालतो ते मागच्या कव्हरवर वाचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात नववी, २०१५ ची, स्वस्तात मिळाली तर ती पण खुशाल घ्या, आपल्या कामाच्या शब्दांना ती पुरते. फक्त रूडचं पान उघडून शब्दांची ती चौकट फाटलेली नाही ना, ते बघून मगच पैसे द्या.